कसं कळलं?

कॅनडात सडबरीकडे तळ्याकाठच्या सुट्टीतल्या घराला कॅम्प म्हणतात. कॅम्पवर आलेल्या पाहुण्याला कुणी घरात झोपवत नाही. त्याच्यासाठी जरा बाजूला, झाडांच्या आडोशाला, एक खाट आणि एक खिडकी असलेलं खोपटं असतं. त्याला बंकी म्हणतात. पाहुण्याला आपल्या घरी असल्यासारखं वाटावं आणि यजमानाला तो आपल्या घरात असल्यासारखं वाटू नये, एवढीच त्या खोपटाची करामत. रेयो कांगास आणि डेनीझ शार्बोनो या दोघांनी एकोणीस वर्षांपूर्वी जो प्रोग्राम लिहायला घेतला, त्याला डेनीझनं हेच नाव दिलं.

जगातले निम्मे प्रोग्राम एका मोठ्या कंपनीच्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी लिहिलेले असतात. ती सिस्टिम नको असेल, लिनक्ससारखी सगळ्यांनी मिळून केलेली वापरायची असेल, तर ते प्रोग्राम तिथे चालत नाहीत. परक्या गावात उतरलेल्या माणसासारखे नुसते उभे राहतात. बंकी त्यांना आत घेते. प्रोग्रामनं विचारलं, कागद केवढा आहे, की बंकी त्याच्या घरच्या बोलीत, घरच्याच सुरात उत्तर देते. आपण दुसऱ्याच्या दारात राहतोय याचा त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत पत्ता लागत नाही.

यातली मेख बाहेरच्या माणसाला पटत नाही. मूळ सिस्टिममध्ये ज्या चुका आहेत त्याही जशाच्या तशा करायच्या असतात. कंपनीच्या सिस्टिमला एखादी बेरीज चुकवायची सवय असेल, तर त्या चुकीला सांभाळून घेत शेकडो प्रोग्राम लिहिलेले असतात, आणि बंकीनं ती बेरीज बरोबर केली की ते सगळे कोलमडतात. रेयो हयातभर सडबरीच्या निकेलच्या खाणीत, ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बसला. तिथे बरोबर उत्तराला पगार मिळायचा. संध्याकाळी घरी येऊन तो दुसऱ्याच्या चुका नीट गिरवायचा, आणि त्याला एक पैसा मिळत नसे. त्याची बायको मर्ना म्हणायची, "दुसऱ्याच्या नवऱ्याचं घोरणं शिकायला क्लास लावल्यासारखं आहे तुझं."

आणि हे सगळं मूळ सोर्स कोड न बघता. बंकीचं सोवळं कडक होतं. कंपनीचा कोड ज्यानं एकदा पाहिला, त्यानं बंकीत एक अक्षर लिहायचं नाही. बघून लिहिलं तर ती चोरी, आणि कंपनीच्या वकिलांना तेवढं एक निमित्त पुरे होतं. म्हणून बाहेरूनच टकटक करायची, आतून कसला आवाज येतो ते ऐकायचं, आणि त्यावरून आत काय असेल ते ओळखायचं. अकरा वर्षांपूर्वी कुणीतरी तो कोड चोरून नेटवर टाकला तेव्हा डेनीझनं सगळ्यांना कळवलं, की ज्यानं उघडला असेल त्यानं सांगावं आणि जावं. विनिपेगचा ग्लेन फ्रीसन गेला. चांगला माणूस. रेयोनं त्याला निरोपाचं चार ओळींचं पत्र लिहिलं, आणि मनातल्या मनात त्याला गाढव म्हटलं, की लेका, उघडलंस कशाला.

या सोवळ्याची राखण करायला डेनीझकडे एकच प्रश्न होता. कुणीही दुरुस्ती पाठवली की ती विचारायची, "कसं कळलं?" नुसतं चालतंय म्हणून भागायचं नाही. हे तुला बाहेरून कसं कळलं, ते दाखवणारी चाचणी सोबत हवी. लोकांनी थट्टेनं ते दोन शब्द चहाच्या मगांवर छापून घेतले. डेनीझला त्या मगांमधली गंमत कधी कळली नाही. ती किंग्स्टनला राहायची, निवृत्त शिक्षिका होती, आणि पोरांच्या गणितात उत्तराला अर्धेच गुण देत असे.

रेयोच्या चाचण्या तिला फार आवडायच्या. त्या गबाळ्या असत. जिथे जिथे ठोकून पाहिलं आणि काही निघालं नाही, ती प्रत्येक जागा रेयो तशीच ठेवायचा, वर शेरा मारून: इथे काही नाही. इथेही नाही. इथे वाटलं होतं, पण नाही. छपाईचा सगळा भाग त्याचा होता, कागदावरची अक्षरं, रेघा, मापं, आणि त्यातली ओळन् ओळ त्यानं अशी उकरून काढलेली होती. दुसरं काही त्यानं आयुष्यात केलं नव्हतं असं तो स्वतःच म्हणायचा. मर्ना म्हणायची, एक मुलगाही केलास की. त्यावर तो म्हणायचा, त्यात तुझा अर्धा भाग होता.

तो मुलगा म्हणजे एरो. तो मोठा झाला, हुशार निघाला, आणि व्हँकुव्हरला त्याच कंपनीत लागला. रेयोनं डेनीझला त्याच दिवशी कळवलं. घरात कामाचं बोलायचं नाही असा बापलेकांत करार झाला, आणि तो दोघांनी पाळला. बाप अमुक एका सिस्टिमचं पोट बाहेरून चाचपतो आणि मुलगा त्याच पोटात नोकरी करतो, यावर जेवणाच्या टेबलावर फक्त मर्ना विनोद करायची. रेयोला मुलाचा अभिमान होता. तो त्यानं कधी बोलून दाखवला नाही, पण हार्डवेअरच्या दुकानातल्या माणसालाही एरो कुठे काम करतो ते पाठ झालं होतं.

आता गोधड्यांचं. मर्ना आणि चर्चच्या तळघरात जमणाऱ्या बाकीच्या बाया गोधड्यांचे नमुने एका प्रोग्रामवर काढायच्या आणि छापून, कापून, त्यावरून कापडाची ठिगळं बेतायच्या. प्रोग्राम कंपनीच्या सिस्टिमचा, मर्नाचा कॉम्प्युटर अर्थातच लिनक्सचा, मधे बंकी. तीन वर्षांपूर्वी प्रोग्रामची नवी आवृत्ती आली आणि काही नमुने केसभर मोठे छापले जायला लागले. सगळे नाहीत, काहीच. एका ठिगळात केसभर म्हणजे काही नाही, पण पलंगभर गोधडीत ती अख्खी रांग वाकडी जाते. तळघरात मर्नाची थट्टा व्हायला लागली, आणि ती थट्टा ती घरी आणून नवऱ्याच्या ताटात वाढायची. "कॉम्प्युटरवाल्याची बायको आणि पट्टी घेऊन बसलेय," ती म्हणायची. रेयोनं शाईपासून अक्षरांपर्यंत सगळ्यावर संशय घेतला. तीन हिवाळे त्यात गेले. "इथे काही नाही" असे शेरे इतके झाले की त्याला ते लिहायचाही कंटाळा आला.

ऑक्टोबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला एरो आला. त्या सुट्टीत कॅम्प बंद करायचा असतो: नळातलं पाणी काढायचं, होडी उलटी करायची, आणि शेवटचा सौना घ्यायचा, म्हणजे लाकडी खोलीत तापल्या दगडांवर पाणी टाकून वाफ घेत बसायचं. रेयोच्या बापानं, तोही खाणीतलाच, तो सौना स्वतःच्या हातानं बांधला होता आणि त्याबरोबर दोन नियम घालून दिले होते. सौनात देवळात बसल्यासारखं बसायचं, म्हणजे खोटं बोलायचं नाही. आणि तिथे निघालेली गोष्ट टॉवेलाबरोबर बाहेर न्यायची नाही.

बापलेक फळीवर बसले होते. एरोच्या पोटात दोनतीन बिअर होत्या. आईच्या गोधडीचं जमलं का, असं त्यानं सहज विचारलं, आणि रेयो तितक्याच सहज म्हणाला की नाही, काही नमुने मोठे येतात, काही बरोबर, डोकं चालत नाही.

एरो हसायला लागला. "आडव्या कागदावरचे येत असतील."

रेयोनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"लग्नाची ओळ म्हणतो आम्ही तिला," एरो म्हणाला. "कागद आडवा असला की तेच माप दोनदा छाटलं जातं, आधी पडद्यासाठी आणि मग परत कागदासाठी. एका गड्यानं लग्नाच्या आदल्या आठवड्यात घाईघाईनं लिहिली. मी नुकताच लागलो होतो, नाचलोय त्याच्या लग्नात. आता हात कोण लावणार तिला?"

म्हणजे बंकी ते एकदाच छाटत होती, म्हणून नमुने मोठे. रेयोनं दगडांवर पाणी टाकलं. वाफ उठली, आणि एरो दुसऱ्याच गोष्टीवर गेला, व्हँकुव्हरच्या घरभाड्यावर. आपण काय बोललो याची त्याला बाहेर पडेपर्यंत आठवणही राहिली नाही. रेयोला मात्र तळ्यात उडी मारल्यावरही कानात तेवढंच ऐकू येत होतं. तीन वर्षं जे दार सापडत नव्हतं ते मुलानं हसत हसत उघडून दाखवलं होतं, आणि आता त्या दारातून जायची बंदी होती. त्याला मुलाचा राग आला, आणि ते मोठे नमुने छापणाऱ्या बायकोचाही आला.

त्यानं त्याच आठवड्यात डेनीझला सांगायला हवं होतं, की गोधडीचं काम दुसऱ्या कुणाला दे, माझ्या कानावर नको ते आलंय. हे एवढं सोपं होतं. पण दुसऱ्या कुणाला द्यायचं म्हणजे कारण सांगायचं, आणि कारण सांगायचं म्हणजे एरोचं नाव. शिवाय, खरं सांगायचं तर, ते काम त्याला कुणाला द्यायचं नव्हतं. तीन वर्षं त्यानं उकरलं होतं. हावरटपणा कसा कुणाला सुटत नाही, तसा तो या फुकटच्या कामातही सुटत नाही.

हिवाळाभर तो प्रामाणिकपणे शोधायचं नाटक करत राहिला. नाटकाचा प्रेक्षकही तोच. एखादी वेगळी वाट धरायची, दोन पावलं जायचं, आणि पाय आपोआप आडव्या कागदाकडे वळायचे. एकदा उत्तर कळल्यावर न कळलेल्या माणसासारखं चुकता येत नाही. मार्चमध्ये त्यानं हात टेकले, दुरुस्ती लिहिली, तिला साजेशी एक चाचणी उलट्या बाजूनं रचली आणि डेनीझकडे पाठवून दिली. मर्नाच्या मशीनवर नमुने बरोबर यायला लागले. तिनं पट्टी लावून पाहिली, पुन्हा पाहिली, आणि त्याच्या टकलावर एक मुका दिला. तळघरातल्या बायांनी त्याच्यासाठी पाय नावाचा गोड पदार्थ भाजून पाठवला, रूबार्बच्या आंबट देठांचा. तो त्याला गिळवेना.

डेनीझनं दुरुस्ती घेतली, पण नेहमीचा प्रश्न विचारला नाही. मे महिन्यातल्या लांब सुट्टीत ती गाडी चालवत कॅम्पवर आली. दरवर्षी यायची. आल्या आल्या नेहमीचं भांडण झालं, की याला कॅम्प म्हणायचं की तिच्याकडे म्हणतात तसं कॉटेज. मर्नानं तिच्यासाठी पुल्ला, फिन लोकांचा गोड पाव, भाजला होता, वेलदोड्याचा वास तळ्यापर्यंत येत होता. कॉफीचे मग घेऊन दोघं धक्क्यावर जाऊन बसले. चावणाऱ्या काळ्या माश्यांचे दिवस होते, आणि डेनीझनं डोक्यावरून जाळी ओढून घेतली होती, त्यामुळे तिचा चेहरा नीट दिसत नव्हता.

"तुझी चाचणी वाचली," ती म्हणाली.

"मग?"

"सुंदर आहे. तिथेच घोडं अडलंय. रेयो, तुझ्या चाचण्या म्हणजे घुशींनी पोखरलेलं शेत असतं. जिकडेतिकडे बिळं. ही एकदम सारवलेल्या अंगणासारखी. पहिल्याच फटक्यात कागद आडवा केलास, आणि पहिल्याच फटक्यात सापडलं. एक वाट चुकली नाहीस."

"कधीकधी लागतो नेम."

"तुझा नाही लागत. म्हणून तर तू मला आवडतोस." तिनं मग खाली ठेवला. "कसं कळलं?"

एकोणीस वर्षांत हा प्रश्न त्यानं तिच्या तोंडून शेकडो वेळा ऐकला होता, आणि प्रत्येक वेळी त्याला तो शाबासकीसारखा वाटला होता. आज पहिल्यांदाच त्याला तिची भीती वाटली.

"मी बोलते, तू ऐक," डेनीझ म्हणाली. "एरोनं सांगितलं असेल, तर हा एवढाच तुकडा काढावा लागेल. कधी कळलं, काय कळलं ते पक्कं आहे, त्यामुळे बाकीचं तुझं काम शाबूत राहील. काही वर्षं तुला छपाईपासून लांब बसवावं लागेल, बस. पण कारण सगळ्यांसमोर लिहावं लागतं. नियम आपणच केलाय. त्याचं नाव लिहावं लागेल."

"आणि त्याचं काय होईल?"

"ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

त्याला माहीत होतं. नोकरी जाईल, आणि मग कुठल्याच कंपनीत त्याला कुणी दारात उभं करणार नाही. सौनात, अंगावर टॉवेलही नसताना, बापाजवळ बोललेल्या दोन वाक्यांसाठी.

"एरोचा संबंध नाही," रेयो म्हणाला. "तो चोरीचा कोड आहे ना नेटवर, तो मी उतरवून घेतला. या हिवाळ्यात. त्यात पाहिलं."

डेनीझनं जाळीवर बसलेली एक माशी झटकली. मग म्हणाली, "या हिवाळ्यात, हे तू म्हणतोस. तो कोड अकरा वर्षं तिथे पडून आहे. त्याआधी तू तो पाहिला नव्हतास हे मी कशावरून सांगू? वकील पहिला प्रश्न हाच विचारेल. अकरा वर्षांत तू लिहिलेलं सगळं काढावं लागेल. अक्षरं, रेघा, सगळं. राहील काय तुझं? सुरुवातीचं ते मोडकंतोडकं."

"काढ."

"परत एकदा विचारते, रेयो."

"नको विचारू."

ती उठली. जाताना तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही, आणि ते त्याला बरं वाटलं. ठेवला असता तर तो सगळं बोलून बसला असता. तिला कळलंय हे त्याला कळत होतं, पण तिच्या प्रश्नाला त्यानं उत्तर दिलं होतं, आणि दिलेलं उत्तर लिहून घ्यायचं एवढंच तिच्या हातात होतं. स्वतःच्या नियमाला ती इतकी चिकटून होती की मित्राचं खोटंही तिला नियमानं खरं मानावं लागलं. संध्याकाळी मर्नानं सौना तापवला. रेयो छातीत जड वाटतंय म्हणून बाहेरच लाकडं रचत बसला. इतक्या वर्षांत कॅम्पवर असून तो सौनात गेला नाही असा तो पहिला दिवस होता, आणि डेनीझनं त्याच्याकडे एकदा पाहून दार लावून घेतलं.

जूनमध्ये बंकीच्या पानावर सूचना लागली. रेयो कांगास यांनी आडव्या कागदाच्या दुरुस्तीसाठी कंपनीचा कोड पाहिल्याचं कबूल केलं आहे, त्यांचं अकरा वर्षांचं काम काढून टाकण्यात येत आहे. खाली डेनीझचं नाव. ते काम तिनं दुसऱ्या कुणाला दिलं नाही, स्वतः बसून एकेक ओळ उपटली. काढलेल्या प्रत्येक तुकड्याची नोंद रेयोला ईमेलनं येत राहिली, कारण त्या यादीतून त्याचं नाव काढायला ती विसरली होती, किंवा विसरली नव्हती. बंकी पांगळी झाली. अर्ध्या लोकांची छपाई बंद पडली, आणि त्या लोकांनी रेयोला काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाटगा हा त्यातला सौम्य शब्द.

सगळं परत लिहायला जे नवे लोक बसले त्यांना ताकीद होती, की रेयोचं जुनं काम उघडून बघायचं नाही. ज्यानं पाहिलं असेल त्यानं लिहायचं नाही. इतकी वर्षं ज्या सोवळ्याची रेयोनं राखण केली, त्यात आता तोच विटाळ झाला होता. विनिपेगहून ग्लेन फ्रीसनचं पत्र आलं. त्यात शिव्या नव्हत्या. "मी पहिलं पान उघडलं होतं, आणि त्याच दिवशी सांगितलं होतं," एवढंच होतं. रेयोनं उत्तर लिहायला घेतलं आणि सोडून दिलं.

मर्नाला त्यानं डेनीझला सांगितलं होतं तेच सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या गोधडीसाठी?" आणि मग त्याच्यावर चिडायचं की रडायचं हे न कळून भांडी घासत बसली. तिचा समज तसाच राहू द्यावा लागला.

एरोचा फोन ऑगस्टमध्ये आला. तोवर त्यानं केला नव्हता. रेयो अंगणात बसला होता.

"बाबा, हे खरं आहे?"

"लिहिलंय ना तिथे."

"तू पाहिलास. तू." एरोचा आवाज बापाहून मोठ्या माणसाचा झाला होता. "शाळेत मी एकदा कॉपी केली तर तू आठवडाभर माझ्याशी बोलला नव्हतास. घरात एक शब्द कामाचा काढायचा नाही म्हणून आईला गप्प करायचास. आणि स्वतः गुपचूप चोरीचा माल उघडून बसलास? अकरा वर्षं?"

"या हिवाळ्यात."

"कोण मानणार आहे ते? इथे सगळ्या ऑफिसात तोच विषय आहे. एकजण म्हणाला, कांगास तुझा कोण? मी म्हटलं, कुणी नाही. फिन लोकांत या आडनावाचे ढिगानं सापडतात."

रेयोनं डोळे मिटले. कुणी थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं. "बरं केलंस," तो म्हणाला. "तेच सांगत जा."

"आणि एवढं सगळं कशासाठी, तर लग्नाच्या ओळीसाठी. तेवढी एक ओळ त्या कोडातून..." एरो थांबला. फोनमध्ये त्याच्या खुर्चीचा आवाज आला. "पण तो कोड अकरा वर्षांपूर्वीचा ना."

रेयोनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ती ओळ त्यात नसणार. ती नंतरची आहे. मी त्याच्या लग्नाला होतो." एरोचा आवाज एकदम खाली आला, लहानपणी काही फोडल्यावर यायचा तसा. "बाबा, कसं कळलं तुला?"

"सौनात," रेयो म्हणाला.

मग फोनवर नुसता श्वास होता. रेयो वाट बघत राहिला. कशाची, ते त्याला नेमकं माहीत होतं आणि त्याची त्याला लाजही वाटत होती. मुलानं एक शब्द बोलावा, मग तो कुठलाही असो. माफी नको होती. बाबा, अरे, एवढं म्हणाला असता तरी अकरा वर्षं वसूल झाली असती.

"डेनीझला माहीत आहे?" एरोनं विचारलं.

"मी सांगितलं नाही."

"आईला?"

"नाही."

"इथे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही." एरोनं सुस्कारा सोडला, आणि तो सुटकेचा होता हे इतक्या लांबूनही ओळखू आलं. "मग राहू दे तसंच. आता उकरून कुणाचाच फायदा नाही. हो ना?"

"हो."

"आणि हे बघ, थँक्सगिव्हिंगला मला जमेलसं वाटत नाही. लोक बघतात, बाबा. थोडे दिवस जाऊ देत."

रेयो म्हणाला की कॅम्प तो एकटाच बंद करील, होडी काही जड नाही. एरो म्हणाला, जपून. फोन बंद झाला.

आतून मर्नानं हाक मारली. एरोचा होता का, काय म्हणत होता, असं तिनं विचारलं. मजेत आहे, असं रेयोनं सांगितलं. ती दारात आली. तिच्या एका हातात छापलेला कागद होता आणि दुसऱ्या हातात पट्टी. बंकीची नवी आवृत्ती तिनं सकाळीच घेतली होती.

"परत मोठं येतंय बघ," ती म्हणाली. "आता काय करू?"

रेयोनं कागद हातात घेतला. आडवा कागद, केसभर मोठा चौकोन. जगात या चुकीचा पत्ता ज्या मोजक्या लोकांना होता त्यांतला तो एक, आणि तिला हात लावायला कायमचा बंद झालेला.

"कात्री घे," तो म्हणाला, "आणि छाटून टाक."

"छाटलं की. तरी मोठंच राहतं."

"मग परत एकदा छाट," रेयो म्हणाला. "दोनदा छाटावं लागतं ते."

मर्ना कागदाकडे बघत उभी राहिली, मग कात्री आणायला आत गेली.